घडीची सायकल आणि वडलांची राहिलेली मंगेशी

मंगेशीच्या तळीजवळ घडी करून ठेवलेल्या माझ्या सायकलीचा फोटो बघून पुतण्या म्हणाला, "काका, हे काय नवीन फॅड?"

फॅड असेल, पण नवीन नाही. दुसऱ्या महायुद्धात बीएसए कंपनीने ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांसाठी मधोमध दुमडणारी सायकल बनवली होती. 6 जून 1944 रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या काही तुकड्यांकडेही घडीच्या सायकली होत्या. पुढे 1970 च्या दशकात लंडनच्या अँड्र्यू रिची यांनी राहत्या घरात छोट्या चाकांची सायकल घडवली. समोरच्या ब्रॉम्प्टन चर्चवरून तिला नाव पडलं. हळूहळू लोक अशा सायकलींवरून चार-चार दिवस फिरायला लागले. जमेल तेवढं चालवायचं, नाही जमलं तर घडी करून बस धरायची.

आमच्या वडलांना ही सोय नव्हती. आम्ही बेळगावात शहापूरचे, कुलदैवत मंगेश. दोन मित्रांबरोबर सायकलने मंगेशीला जायचं त्यांनी ठरवलं होतं. तेवढ्यात 1955 चा सत्याग्रह झाला, गोळीबार झाला, गोव्याची हद्द बंद झाली. 19 डिसेंबर 1961 ला गोवा मुक्त झाला तोवर मित्र पांगले होते आणि वडील संसाराला लागले होते. नंतर ते मंगेशीला कितीदा तरी गेले, पण बसने. "सायकलनं जायचं राहिलंच बघ," हे दर वेळचं.

ते गेल्यावर मी घडीची सायकल घेतली. सामान सहा किलो: दोन जोड कपडे, पंप, पंक्चरचं साहित्य, दोन ट्यूब. पिशवी पुढे बांधली, कारण मागे लोंबती ठेवली की टाचा लागतात. पहिला मुक्काम जांबोटीला. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा धरला. चढ तर पुढेच होता. तासभर नुसता बसून राहिलो. बस धरली तर वडलांचं राहिलेलं पुरं झालं असं म्हणायचं का?

शेवटी घडी केली. कंडक्टर म्हणाला, "काका, शिलाई मशीन काय?" अख्खी बस हसली, मीही हसलो. कणकुंबीला उतरलो आणि चोर्ला घाट सायकलवरून उतरलो. ब्रेक सारखा दाबून ठेवला नाही, लहान रिम लवकर तापते. साखळीला मुक्काम केला. तिसऱ्या दिवशी फोंड्यावरून मंगेशी.

देवापुढे उभा राहिलो तेव्हा बसमधले ते किलोमीटर मोजावेसे वाटले नाहीत. वडलांनाही बस चालली असती, असं वाटतं. त्यांना हद्द आडवी आली, मला फक्त गुडघा.

तुमच्या घरातही त्या सहा वर्षांत कुणाची गोव्याची वाट अडली होती का? आठवत असेल तर खाली नक्की लिहा.