हाडवळ्याची धनीण

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे परिषदा, सत्याग्रह, मोर्चे येतात. ते यायलाच पाहिजेत. परंतु ज्या घरांतून माणसे मोर्चाला गेली त्या घरांत चूल कोणी पेटती ठेवली, याची नोंद आपल्या स्मरणिकांतून फारशी सापडत नाही. म्हणून विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त लेख द्या असा निरोप आला तेव्हा या खेपेस आमच्या आजीविषयी लिहावे असे आम्ही ठरविले. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी अशी एक म्हातारी होऊन गेली असेल. गाव निराळे, नाव निराळे, एवढेच.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातले. आजीला आम्ही सगळी थोरली आई म्हणायचो. तिची जन्मतारीख कुठेच नाही. मानमोडीची साथ आली तेव्हा ती अंगावर पीत होती, असे तिची आई सांगायची. मानमोडी म्हणजे १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा. त्या हिशेबाने ती १९१७ च्या सुमाराची. त्याच १९१८ साली शेजारच्या करवीर संस्थानात शाहू महाराजांनी महार वतन रद्द करून जमिनी रयतावा करून दिल्या. आमचा मुलूख इंग्रजी अंमलाखालचा. आम्हांला आणखी चाळीस वर्षे थांबावे लागले.

आजच्या पोरांना हाडकी-हाडवळा हा शब्द ठाऊक नसतो. ती म्हणजे महारकीच्या वतनाची जमीन. नावाला इनाम, पण तिच्या बदल्यात चावडीची राखण करायची, सरकारी निरोप पोचवायचे, साऱ्याचा भरणा तालुक्याला न्यायचा, गावाच्या हद्दी दाखवायच्या, मेलेले ढोर ओढायचे. वतनदार घरी नसला तर त्याच्या घरच्यांनी राबायचे. दिवस नाही, रात्र नाही. आणि जमीन किती? वाटण्या होत होत आमच्या आजोबांच्या वाट्याला दोन तुकडे मिळून जेमतेम तीन एकर, तेही जिरायत. बाबासाहेबांनी १९२७ साली ‘बहिष्कृत भारता’तून या वतनाची चिरफाड केली आणि १९२८ साली मुंबई कौन्सिलात १८७४ च्या वतन कायद्याला दुरुस्तीचे बिल मांडले. ते काही पास झाले नाही.

थोरली आई लग्न होऊन या घरात आली ती दहा वर्षांची. येसकरपाळी आली की आजोबा काठी घेऊन चावडीवर, आणि घरोघर भाकरी मागायला हिने जायचे. आम्ही एकदा तिला विचारले, कशी असायची गं ती भाकरी? म्हणाली, “वरनं टाकायचे, आपुन पदरात झेलायची. चव इचारू नगंस.” पुढे पुष्कळ वर्षे आमच्या घरात भाकरी कोणी हातावर टाकली तर तिला खपत नसे. ताटात वाढ म्हणायची. लहानपणी आम्हांला तो तिचा चक्रमपणा वाटायचा.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला जायला गाडीभाडे नव्हते. आमचे वडील तेव्हा नुकतेच मुंबईला आले होते. ते ७ डिसेंबरला दादरच्या अंत्ययात्रेत होते. गावी परत गेले तेव्हा त्यांनी घरात बसून सगळे सांगितले. थोरली आई काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधून तिने नदीला सोडले. वस्तीने ढोर ओढणे बंद केले, येसकरकी बंद केली. मग गावानेही आपला हिसका दाखवला. चक्कीवर दळण बंद, दुकानात मीठ-मिरची बंद, रानात मजुरी बंद. बायकांनी जाती पुन्हा मांडली आणि मिठासाठी तालुक्याच्या बाजाराला पायी गेल्या. हे किती महिने चालले ते ती दर वेळी निराळे सांगायची, तेव्हा आकडा लिहीत नाही.

आजोबा १९५७ च्या पावसाळ्यात वारले. आणि वतने रद्द करण्याचा १९५८ चा कायदा १९५९ साली अमलात आला. वतन गेले हे चांगलेच झाले, पण जमीन आधी सरकारजमा, मग कब्जेहक्काची रक्कम भरली की नव्या शर्तीने परत आपल्या नावावर, असा तो मामला. पुष्कळांना हे कोणी नीट सांगितलेच नाही, आणि सांगितले त्यांच्याजवळ पैसे नव्हते. आमचा एक तुकडा आजोबांच्या हयातीतच गावातल्या एका बागाईतदाराकडे तोंडी गहाण होता. तो माणूस दारात येऊन म्हणाला, तू बाईमाणूस कुठे कचेरीत फिरतेस, मी भरतो पैसे, तू इथे अंगठा दे. तिने अंगठा दिला नाही. हातातली चांदीची वाकी आणि दोन शेळ्या विकून तिने जवळच्या तुकड्याचे पैसे भरले. गहाणाचा तुकडा मात्र गेला तो गेलाच. त्याचा कागद नव्हता.

तेव्हापासून तिने कागद म्हणून सोडला नाही. पत्र्याची एक पेटी होती, तिच्यात ते चलन आणि त्यावर दरवर्षीची शेतसाऱ्याची पावती. अक्षर ओळख शून्य. पण कुठली पावती कुठल्या सालची हे घडीवरून, डागावरून सांगायची. हळदीचा डाग पडलेली कोयनेच्या भूकंपाच्या सालची, म्हणजे १९६७ ची, असे तिचे दफ्तर.

१९७२ च्या दुष्काळात पंचावन्न वर्षांची ही बाई खडी फोडायला गेली. सुकडी आणि तांबडा मिलो खाऊन ते वर्ष काढले. त्याविषयी ती फार बोलत नसे.

बोलायचे ते १९८२ विषयी. १८ जानेवारीला संप सुरू झाला. अडीच लाख गिरणी कामगार बाहेर, त्यांत आमचे वडील. आम्ही बारा-तेरा वर्षांचे. वडिलांनी आम्हां भावंडांना आईबरोबर गावी धाडले. दीड एकरात नऊ तोंडे पोसत नाहीत, हे शेतकऱ्याला सांगायला नको. ज्वारी, हुलगा, मटकी, शेळीचे दूध आणि आई-आजीची मजुरी, असे ते भागले. दिवाळीच्या सुमारास वडील आले ते गिऱ्हाईक ठरवूनच. खोलीचे भाडे, वाण्याची उधारी, पतपेढीचे हप्ते थकले होते. नव्या शर्तीची जमीन कलेक्टरच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, पण स्टँपवर लिहून घेणारे तयार असतात. वडिलांनी पेटी मागितली. थोरली आई पेटीवर बसली. “माज्या नावावर हाय न्हवं? मग मला इचारा. माजा अंगठा न्हाय.” वडील संतापाने नको ते बोलले. ती संध्याकाळपर्यंत उठली नाही.

त्यात मुंबईची खोली गेली. पागडी घेऊन वडिलांनी ती सोडली आणि आम्ही या वस्तीत आलो. वर्षभर मायलेक बोलत नव्हते. तिचे बरोबर की वडिलांचे, यावर आमच्या घरात अजून वाद होतो. आम्ही स्वतः त्या वेळी वडिलांच्या बाजूचे होतो. पुढे आम्हीही गिरणीतच लागलो, पगार कसा थांबतो ते पाहिले, आणि पक्ष बदलला. आमच्या धाकट्या भावाने बदललेला नाही.

म्हातारपणी ती हिवाळ्यात इथे यायची. बुद्धपौर्णिमेच्या खिरीला गावाहून पायलीभर गहू न चुकता धाडायची, आणि धाडलेले पोचले का हे दोनदा विचारायची. २००९ साली, नव्वदी उलटल्यावर, ती गेली. आता सात-बारावर वारसांची अकरा नावे आहेत, पाच बायकांची.

पेटी आमच्याकडे आहे. १९५९ चे चलन चारही घड्यांवर फाटले आहे, म्हणून ते प्लास्टिकच्या पिशवीत ठेवले आहे. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी रविवारी वंदना झाल्यावर आमच्याबरोबर घरी यावे.