मस्टरवरचा ‘अकुशल’

जायकवाडी हे गाव बीड जिल्ह्यातले आणि धरण मात्र पैठणला. गोदावरी अडवण्याचा मूळ विचार जायकवाडीजवळचा होता. पुढे जागा नदीच्या वरच्या अंगाला सरकली, नाव तेच राहिले. कागदावर एकदा उतरलेला शब्द किती चिवट असतो, याचे हे निरुपद्रवी उदाहरण. याच धरणाच्या काळातला दुसरा एक शब्द इतका निरुपद्रवी नाही. तो म्हणजे ‘अकुशल’.

१८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींनी पायाभरणी केली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधींनी उद्घाटन. मधल्या दहा वर्षांत सुमारे दहा किलोमीटर लांबीचे, सत्तावीस दरवाजांचे मातीचे धरण उभे राहिले. आरंभी पाटबंधारे मंत्री असलेले शंकरराव चव्हाण उद्घाटनाच्या वेळी मुख्यमंत्री होते. औरंगाबादचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० मध्ये निघाले होते, त्यामुळे आपल्याच मुलखातल्या धरणावर इंजिनिअर होणे मराठवाड्यातल्या पोरांच्या आवाक्यात येत होते. त्या पायरीच्या खाली कोण काय शिकले, हा माझा प्रश्न आहे.

मस्टरवर नाव असते, हजेरी असते, मजुरी असते, अंगठा असतो. माणसाला काय येते, याचा रकाना नसतो.

धरण निम्म्यावर असताना १९७२ चा दुष्काळ आला. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर जवळपास पन्नास लाख माणसे होती. १९७१ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या पाच कोटी, म्हणजे दहातला एक जण टिकाव-घमेले घेऊन उभा होता. वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी याच काळात राज्यभर गेली. तिचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून. या योजनेने लाखो चुली पेटत्या ठेवल्या आणि बाईला पुरुषाइतकाच दर दिला. त्याबद्दल दुमत नाही. पण कायद्याने हमी दिली ती ‘अकुशल शारीरिक कामा’ची. कामाच्या एकूण खर्चापैकी किमान ६० टक्के अशा अकुशल मजुरीवर जावेत, हा दंडक होता. हेतू चांगला होता. यंत्रांनी आणि ठेकेदारांनी पैसा गिळू नये, एवढाच. मात्र त्यामुळे जो शिकेल तो योजनेबाहेर पडेल, असा विचित्र पेच तयार झाला.

पैठण तालुक्यातल्या एका आजींना मी विचारले, दुष्काळात कालव्याच्या मातीकामावर तुम्ही काय करायचात? “आमाला काय येतंय बाबा? अडाणी माणसं. माती टाकायची,” त्या म्हणाल्या. मग अर्धा तास त्यांनी मला जे सांगितले ते मला कुठल्या पुस्तकात इतक्या सोपेपणी मिळाले नव्हते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद, एक फूट खोल खणले की एक ब्रास. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता सोडायचा; खोली त्याच्यावरून मोजायची. खांबाच्या डोक्यावर मूळचे गवत शाबूत पाहिजे. “नायतर कारकून म्हणायचा, वरून माती थापली.” माती जितकी लांब न्यावी आणि जितकी उंच चढवावी तितका दर वाढतो, त्याला ‘लीड’ आणि ‘लिफ्ट’ म्हणतात, हेही त्यांना पाठ. कारकुनाने लीड कमी धरली की टोळीतल्या बायका पावलांनी अंतर मोजून भांडत. हे सारे ज्याला येते त्याला ओव्हरसियर म्हणतात. त्यांना मजूर म्हटले गेले.

कायम नोकरीची वाट ज्या कागदातून गेली, त्यावरही कौशल्याचा उल्लेख नव्हता. नाथसागरात शंभराहून अधिक गावांची जमीन गेली. राज्याचा पुनर्वसन कायदा झाला १९७६ मध्ये, म्हणजे उद्घाटनाच्याच वर्षी. पुढे प्रकल्पग्रस्तांना शासकीय नोकरीत पाच टक्के समांतर आरक्षण मिळाले. घरटी एक दाखला आणि तो कोणाच्या नावे करायचा यावरून भावाभावांत पडलेल्या भेगा. पाण्याचे शिक्षण देणारी ‘वाल्मी’ संस्था औरंगाबादेत, पैठण रस्त्यावरच्या कांचनवाडीत, १९८० मध्ये निघाली. तोवर माती टाकणारे पांगले होते. कोणी ऊसतोडीला, कोणी कारखान्यांच्या बांधकामावर.

आता त्याच पैठण रस्त्यावर बिडकीनला औद्योगिक नगरी उभी राहते आहे, जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे. २०१५ च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करता करता आधीच शिकलेल्याची चाचणी घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. मला त्यात चाळीस वर्षे उशिरा आलेली एक कबुली दिसते. कबुली सरकारने दिलेली नसेल, मी ती तशी वाचतो.

आजींचा नातू समृद्धीच्या कामावर हेल्पर म्हणून लागला. ऑपरेटर जेवायला गेला की जेसीबीच्या सीटवर बसून शिकला. कोणी शिकवले नाही, कागदही मिळाला नाही. आज तो भाड्याच्या मशीनवर शेततळी खणतो. पैसे तासावर घेतो, पण शेतकऱ्याने किती ब्रास निघाले म्हणून विचारले, की फोन आजीला लावतो.