घड्याळ अडीच तास पुढे का होतं?



मागच्या पावसाळ्यात तासगाव तालुक्यातून एक आई आपल्या मुलाला घेऊन सांगलीला माझ्या दवाखान्यात आली. मुलगा एकोणीस वर्षांचा, साताऱ्याला वसतिगृहात राहून शिकणारा. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) तक्रारी अशा: छातीत धडधड, रात्री लवकर झोप लागत नाही, तास चालू असताना डोकं दुखतं, घरी आला की चिडचिड. नाडी ९६ होती. बीपी ठीक, ईसीजीमध्ये काही नाही.

आईला जरा बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला सरळ विचारलं. थोडा वेळ घुटमळून त्यानं खिशातून काडेपेटीपेक्षा जरा मोठं, चकचकीत यंत्र काढलं. ई-सिगारेट. मुलं तिला ‘व्हेप’ म्हणतात.

"पण डॉक्टर, मला व्यसन नाही. सकाळी साडेनऊच्या आत मी हात लावत नाही. ह्याच्यावर नोंद असते, बघा."

यंत्राला छोटा पडदा होता. त्यावर घड्याळ, दिवसभरातल्या झुरक्यांचा आकडा आणि पहिल्या व शेवटच्या झुरक्याची वेळ. पहिला झुरका खरोखरच ९ वाजून ३४ मिनिटांनी. शेवटचा मात्र रात्री अडीचला.

"ते चुकीचं आहे. मी बाराला झोपतो. घड्याळ बिघडलंय त्याचं. इथं सांगलीत कुणी दुरुस्त करून देईल का?"

मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. संध्याकाळचे ५ वाजून ४० मिनिटं झाली होती. यंत्रात ८ वाजून १०. बरोबर अडीच तास पुढे.

रात्रीची वेळ अडीच तासांनी चुकत असेल, तर सकाळचीही तेवढीच चुकणार. म्हणजे पहिला झुरका साडेनऊला नाही, सात वाजून चार मिनिटांनी. "उठतोस किती वाजता?" "सातला." एवढं बोलून तो गप्प झाला. रात्रीची गैरसोयीची नोंद त्यानं खोटी ठरवली होती आणि सकाळची सोयीची खरी मानली होती. त्याला हसू नका. शुगरच्या रिपोर्टबाबत आपणही हेच करतो.

हे अडीच तास कुठून आले आणि मी त्या सकाळच्या वेळेला एवढं महत्त्व का दिलं, ते सांगण्यासाठी आज थोडा इतिहास सांगतो.

विजापूरची चिलीम

तंबाखू मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांबरोबर ती गोव्याच्या बाजूनं दख्खनमध्ये आली. आपल्या जतच्या पलीकडं विजापूर. आदिलशाहीची राजधानी. अकबराचा वकील असद बेग १६०४ च्या सुमारास तिथं आला, तेव्हा त्यानं तंबाखू पहिल्यांदा पाहिली आणि सुंदर मढवलेल्या चिलमीसह बादशहाला नजर करायला आग्र्याला नेली. अकबरानं दोन-चार झुरके घेतले. दरबारातल्या हकिमानं हरकत घेतली की या वस्तूबद्दल आपल्या ग्रंथांत काही लिहिलेलं नाही, परीक्षा झाल्याशिवाय ती घेऊ नये. बादशहानं पुढं ती ओढली नाही, पण दरबारी मंडळींना गोडी लागली ती लागलीच. १६१७ मध्ये जहांगिरानं तंबाखूवर बंदीचा हुकूम काढला. त्याचा फारसा उपयोग झाला नाही.

चारशे वर्षांपूर्वीच्या त्या हकिमाचा आक्षेप मला आजही पटतो. नवी वस्तू आली की आधी हौस येते, परीक्षा मागून होते.

विडी विझते

चिलीम भरावी लागते, पेटवावी लागते, आणि बहुधा चौघांत फिरते. विडी तर ओढत राहिलं नाही की विझते. सिगारेटमध्ये साधारण दहा-बारा झुरके असतात, पाच-सात मिनिटांत ती बोटापाशी येते. १८८० च्या सुमारास अमेरिकेत जेम्स बोनसॅक या तरुणानं सिगारेट वळायचं यंत्र तयार केलं, ते दिवसाला लाखावर सिगारेटी वळू लागलं आणि सिगारेट स्वस्त झाली. तरी थोटूक फेकलं की एक सिगारेट संपली, हे ओढणाऱ्याला कळत होतं. ‘रोज किती?’ या प्रश्नाला ‘पाच’ किंवा ‘एक पाकीट’ असं उत्तर देता येत होतं.

व्हेपला थोटूक नाही. ती विझत नाही, राख पडत नाही, वासही फळाचा येतो. गादीवर, बाथरूममध्ये, वर्गाच्या मागच्या बाकावर, केव्हाही दोन झुरके घेऊन पुन्हा खिशात. म्हणून तिच्यावर झुरके मोजायचा आकडा आणि घड्याळ आलं. विडीला त्याची गरज नव्हती.

अडीच तासांचं कोडं

धुराशिवायच्या सिगारेटची कल्पना जुनी आहे. अमेरिकेत हर्बर्ट गिल्बर्ट यांनी १९६३ मध्ये तशा उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला, १९६५ मध्ये ते मिळालं. त्यात निकोटिन नव्हतं, आणि ते बाजारात काही चाललं नाही. आजची ई-सिगारेट चीनमधल्या होन लिक या औषधनिर्मात्यानं २००३ च्या सुमारास तयार केली. तो स्वतः खूप सिगारेट ओढायचा आणि त्याला ती सोडायची होती. विडी-सिगारेट सोडू पाहणाऱ्या माणसासाठी निघालेली ही वस्तू पुढं कधीही सिगारेट न ओढलेल्या मुलांच्या खिशात गेली.

आज जगातल्या बहुतेक ई-सिगारेटी चीनमध्ये, मुख्यतः शेनझेन शहरात बनतात. संपूर्ण चीनमध्ये एकच वेळ चालते, आणि ती भारताच्या वेळेपेक्षा बरोबर अडीच तास पुढे आहे. शेनझेनमध्ये साडेनऊ वाजतात तेव्हा साताऱ्यात सात.

म्हणजे घड्याळ बिघडलेलं नव्हतंच. अशा यंत्रातलं घड्याळ क्वार्ट्झच्या बारीक स्फटिकावर चालतं, तो सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, आणि स्वस्तातला स्फटिकसुद्धा दिवसाला काही सेकंदांपेक्षा जास्त चुकत नाही. घड्याळ रोज थोडं थोडं मागं-पुढं जात असेल तर स्फटिकात दोष. बॅटरी पूर्ण उतरल्यावर वेळ पुसली जाऊन भलतीच दिसत असेल तर ती पुन्हा लावायची असते. आणि फरक रोज तेवढाच, तासा-अर्ध्या तासाच्या हिशेबात असेल, तर वेळ दुसऱ्या देशाची आहे. इथं तसंच झालं असणार. कारखान्यात लावलेली वेळ कुणी बदललीच नव्हती.

दुरुस्तीसाठी असलं यंत्र कुणी उघडू नये. आत लिथियम बॅटरी असते. स्क्रू ड्रायव्हर लागून ती दबली किंवा शॉर्ट झाली तर पेट घेते. शिवाय आत निकोटिनचा अर्क असतो, तो कातडीतूनही अंगात भिनतो.

मी त्याला म्हटलं, "दुरुस्ती राहू दे. अडीच तास वजा कर आणि गेल्या आठवड्याच्या नोंदी मला वाचून दाखव." सात वाजून चार. सात वाजून दोन. सहा अठ्ठावन्न. रविवारी आठ वाजून दहा. "रविवारी उठलो कधी? आठला."

स्वीडनमधला एक प्रश्न

आता सकाळच्या वेळेचं महत्त्व. १९६७ मध्ये स्वीडनच्या पाणबुड्यांमधल्या खलाशांचा प्रश्न ओव्ह फेर्नो या शास्त्रज्ञाकडं आला. पाण्याखाली सिगारेट ओढता येत नाही, म्हणून हे लोक तंबाखू चघळतात, तर निकोटिन दुसऱ्या कुठल्या रूपात देता येईल का? त्यातून पुढं निकोटिनचं च्युइंगगम तयार झालं. पण ते कुणाला किती द्यायचं? त्यासाठी व्यसनाची खोली मोजायला हवी. १९७८ मध्ये स्वीडनचेच मानसशास्त्रज्ञ कार्ल फागरस्ट्रॉम यांनी प्रश्नावली काढली. १९९१ मध्ये ती सुधारून सहा प्रश्नांची झाली, एकूण गुण १०.

तिचा पहिलाच प्रश्न असा: उठल्यावर किती वेळानं पहिली सिगारेट ओढता? तासानंतर असेल तर शून्य गुण. अर्धा ते एक तास, १. सहा ते तीस मिनिटं, २. पाच मिनिटांच्या आत, ३.

कारण सोपं आहे. ओढलेलं निकोटिन दहा-वीस सेकंदांत मेंदूत पोचतं, आणि रक्तातलं त्याचं प्रमाण साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. आठ तास झोपलात तर सोळावा भाग उरतो. सकाळी डोळे उघडतात तेव्हा निकोटिनची सवय झालेला मेंदू उपाशी असतो. ज्याची सवय खोल, तो थांबू शकत नाही. दिवसाला किती ओढता याचं उत्तर माणूस कमी-जास्त करून सांगतो. सकाळची घाई सहसा खरं सांगते.

घड्याळावर विश्वास ठेवला असता तर या मुलाला मी त्या प्रश्नात शून्य गुण दिले असते आणि ‘कमी कर’ एवढं सांगून, झोपेची गोळी लिहून परत पाठवलं असतं. प्रत्यक्षात त्याला ३ मिळत होते. धडधड, रात्रीची झोप उडणं आणि दोन तासांचं लेक्चर संपता संपता दुखणारं डोकं, या सगळ्याचा मेळ निकोटिनशी लागत होता.

"घरात कुणाला व्यसन नाही"

आईला आत बोलावलं. मुलाच्या परवानगीनं सांगितलं. त्या रडल्या, मग म्हणाल्या, "आमच्या घरात कुणाला व्यसन नाही हो."

"घरी मिश्री कोण लावतं?"

"आत्याबाई लावतात. पण ती मिश्री आहे."

१९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा वेगळा निघाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली झालं. त्याआधी आजच्या सांगलीतला बराच भाग सातारा जिल्ह्यातच होता. जिल्हे दोन झाले तरी घराघरातली मिश्री तीच राहिली. तव्यावर तंबाखू काळी होईपर्यंत भाजायची, कुटायची, डबीत भरायची आणि सकाळी उठल्या उठल्या बोटानं दातांना लावायची. बायकांनी विडी ओढली तर लोक नावं ठेवतील, मिश्रीला कुणी काही म्हणत नाही. पण हिरड्यांतून जातं ते निकोटिनच. "चहाच्या आधी लावतात की नंतर?" असं विचारल्यावर आई म्हणाल्या, "आधी. त्याशिवाय त्यांना परसाकडं होत नाही."

आजी आणि नातू यांच्यामध्ये दोन पिढ्या आणि एक परदेशी यंत्र आहे. फागरस्ट्रॉमच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर मात्र दोघांचं एकच.

मग काय करायचं?

ई-सिगारेटमध्ये काही जळत नाही, त्यामुळे विडी-सिगारेटमधलं डांबर तिच्यात नसतं. म्हणूनच ब्रिटनसारख्या देशात जुन्या सिगारेट ओढणाऱ्यांना ती सोडण्यासाठी सुचवतात. हे खरं आहे आणि मुलांना ते माहीत असतं, म्हणून लपवू नये. पण हा मुलगा कशातून सुटायला व्हेपकडं गेला नव्हता. त्यानं आयुष्यात सिगारेट ओढलेली नव्हती. शिवाय युरोपीय संघात अर्कात एका मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन चालत नाही. आपल्याकडं चोरून येणाऱ्या यंत्रात किती आहे हे तपासणारं कुणी नाही. भारतात १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमानं आणि त्याच वर्षीच्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवणूक, जाहिरात, सगळ्यावर बंदी आहे. विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मुलगा आपल्या नावावर मित्रांसाठी मागवत असेल तर हे त्याला सांगा.

आम्ही ठरवलं ते असं. एक तारीख नक्की केली. त्याआधी दोन आठवडे सकाळचा पहिला झुरका रोज थोडा पुढे ढकलायचा, आधी अंघोळ, मग नाश्ता. तलफ बहुधा काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी, चालणं, कुणाशी तरी बोलणं. सोडल्यावर निकोटिनचं च्युइंगगम, माझ्या सल्ल्यानं आणि ठरावीक आठवडेच. पहिले तीन-चार दिवस सर्वांत अवघड, चिडचिड होणार, हे घरच्यांना आधी सांगून ठेवलं. सरकारची मोफत क्विटलाइन आहे, १८००-११-२३५६. तीही त्याला दिली.

दिवाळीच्या परीक्षेत तो एकदा घसरला. आठवडाभर ओढली, मग स्वतःच फोन केला. आता चार महिने झाले. नाडी ७८ आहे. आजी अजून मिश्री लावतात, पण नाश्ता झाल्यावर. नातवानं त्यांच्याशी पैज लावली आहे.

तुमच्या घरात विडी, सिगारेट, गुटखा, मिश्री किंवा व्हेप, काहीही असेल, तर उद्या सकाळी एवढंच करा. डोळे उघडल्यावर घड्याळ बघा, आणि हात डबीकडं जाईल तेव्हा पुन्हा बघा. मधली मिनिटं कागदावर लिहा आणि तो कागद घेऊन तुमच्या डॉक्टरांकडं जा. फक्त घड्याळ आपल्या गावच्या वेळेवर लावलेलं असू द्या.