‘शिक्षा’ : एक शब्द, दोन अर्थ

पहिलीत येणाऱ्या आमच्या मुलांना ‘शिक्षा’ हा शब्द आधी हिंदीतून भेटतो. भिलाईतील पाट्यांवर त्याचा अर्थ शिक्षण असा असतो. पुढे वर्गात ‘शिक्षा करीन’ हे वाक्य कानी पडताच मूल गोंधळते. लिपी तीच, अक्षरे तीच. अर्थ मात्र निराळा.

संस्कृत ‘शिक्ष्’ धातूचा अर्थ शिकणे. वेदांगांतील उच्चारशास्त्राचे नावच ‘शिक्षा’ आहे. हिंदीने शिकण्याचा अर्थ राखला. मराठीत त्यासाठी ‘शिक्षण’ रूढ झाले आणि ‘शिक्षा’ दंडाकडे वळली. ‘संशोधन’ म्हणजे मुळात शुद्ध करणे. हिंदीत संविधानाचे ‘संशोधन’ होते, म्हणजे दुरुस्ती. पुण्यात १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या नावात मात्र तोच शब्द इतिहासाच्या शोधाचा आहे.

युरोपातही असे घडले आहे. ‘गिफ्ट’ हा शब्द इंग्रजीत भेट, तर जर्मनमध्ये विष या अर्थाने येतो. स्वीडिशमध्ये त्याचे विष आणि विवाहित असे दोन्ही अर्थ होतात. या सर्वांचे मूळ ‘देणे’ हेच आहे.

आपल्या प्रदेशात मराठी आणि हिंदी यांचा शेजार जुना आहे. अठराव्या शतकात येथे नागपूरकर भोसल्यांची सत्ता आली. मराठी मातृभाषेच्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले; पुढे दासबोध आणि गीतारहस्य हे ग्रंथ हिंदीत आणले. अशा कार्यात पदोपदी दोन्ही अर्थांचे भान ठेवावे लागते. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर येथे पोलाद कारखाना उभा राहिला, १९५९ मध्ये पहिली झोतभट्टी पेटली आणि विदर्भातून आलेल्या कुटुंबांबरोबर मराठीही या नगरीत राहू लागली.

एखादा शब्दच लुप्त झाला, तर त्याची उणीव जाणवते. अक्षरे तशीच राहून त्यांतील मराठी अर्थ निघून गेला, तर ते घरातही कुणाच्या ध्यानी येत नाही. म्हणून मुलाने ‘शिक्षा’ हा शब्द हिंदी अर्थाने लिहिला, तर केवळ लाल रेघ ओढून थांबू नये. दोन्ही अर्थ त्याला समजावून सांगावेत. हीरक महोत्सवाच्या या वर्षी पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना माझी एवढीच विनंती आहे : हे काम शाळेइतकेच घरीही व्हावे.