एक टिंब, अठ्ठावन्न मिनिटं आणि ८६,४०० सेकंद

सोमवार, १२ ऑक्टोबर २००९, स्वीडन

रात्री ९.४५ पूर्वी

‘डॉट एसई’ ही स्वीडनची डोमेनं. त्यांची नोंदवही सांभाळणाऱ्या संस्थेत देखभालीचं नेहमीचं काम चाललं होतं. नऊ लाखांहून जास्त डोमेनं, आणि प्रत्येकाचा नेमसर्व्हर, म्हणजे त्याचा पत्ता सांगणारा सर्व्हर, कोणता हे सांगणारी एकच झोन फाइल. ही फाइल एका स्क्रिप्टकडून तयार होते. या फाइलीत पूर्ण नावाच्या शेवटी टिंब लागतंच. ते नसेल तर सर्व्हर नाव अर्धवट आहे असं समजतो आणि शेवटी स्वतःच ‘डॉट एसई’ जोडतो. म्हणजे ‘एनएस.दुकान.एसई’चं होतं ‘एनएस.दुकान.एसई.एसई’. दुकानाचा सर्व्हर त्या पत्त्यावर नसतोच.

रात्री ९.४५

टिंबाविना फाइल प्रसिद्ध झाली.

पुढची काही मिनिटं

सगळं एकदम बंद पडलं नाही, आणि असा बिघाड ओळखणं म्हणूनच जिकिरीचं असतं. ग्राहकांसाठी नावांचे पत्ते शोधून देणारे इंटरनेट कंपन्यांचे रिझॉल्व्हर दर वेळी नोंदवहीकडे जात नाहीत. एकदा मिळालेलं उत्तर ते कॅशमध्ये ठेवतात, आणि किती सेकंद ठेवायचं ते उत्तरासोबतच आलेलं असतं. हाच टीटीएल. नोंदवहीच्या उत्तराला दिवसभराची मुदत असली, तर संध्याकाळी आठला विचारलेलं नाव दुसऱ्या दिवशी आठपर्यंत बिनघोर चालतं. आदल्या रात्री ९.५० ला विचारलेल्या नावाची मुदत मात्र नेमकी आता संपते. रिझॉल्व्हर पुन्हा विचारतो आणि चुकीचा पत्ता घेऊन येतो. नेमसर्व्हरच्या नोंदीला ज्यांनी स्वतःहून तासाभराची किंवा पाच मिनिटांची मुदत दिली होती, त्यांची नावं सगळ्यांत आधी धोक्यात. बदल झटपट पोचावेत म्हणून मुदत कमी ठेवावी हा सल्ला चांगलाच आहे, पण वरची नोंदवहीच चुकली की लांब मुदत वाचवते. टीटीएल ठरवताना हा विचार फार थोडे लोक करतात, याची मला खरोखर काळजी वाटते.

रात्री १०.४३

दुरुस्त फाइल बाहेर पडली. अठ्ठावन्न मिनिटांत चूक शोधून, सुधारून, पुन्हा प्रसिद्ध करणं ही माझ्या मते चोख कामगिरी आहे. पण इथून पुढे संस्थेच्या हातात काही उरलं नव्हतं.

समजा, एखाद्या रिझॉल्व्हरनं १०.४२ ला विचारणा केली. त्याच्याकडे चुकीचं नाव आणि पुढे ८६,४०० हा आकडा, म्हणजे दिवसभराचे सेकंद. १०.४३ ला तो ८६,३४० झाला. नोंदवहीत आता बरोबर उत्तर आहे, पण हा पुन्हा विचारायला जाणारच नाही. न विचारता काम भागावं म्हणून तर कॅश असतो. कोणी कोणी चुकीची प्रत नेली याची यादी नोंदवहीकडे नसते, आणि दिलेली प्रत परत मागवायची सोय नसते. संगणकशास्त्रज्ञ पॉल मॉकापेट्रिस यांनी १९८३ साली मांडलेली डोमेन नावांच्या व्यवस्थेची (डीएनएस) रचनाच तशी आहे. एवढ्या मोठ्या जगाला ती पुरते, तीही याच कारणानं.

त्यानंतर

स्वीडनमधली सगळ्यांत मोठी इंटरनेट कंपनी टेलिया हिनं आपल्या सर्व्हरांचा कॅश रिकामा केला. तिच्या ग्राहकांची सुटका झाली. बाकीच्या प्रत्येक कंपनीला, होस्टिंगवाल्याला हे आपापलं करायचं होतं, आणि त्यासाठी आधी बिघाड कळायला हवा होता.

मंगळवार, १३ ऑक्टोबर

एका कंपनीच्या ग्राहकाला साइट दिसते, दुसऱ्याला दिसत नाही, असं दिवसभर. नेमसर्व्हर न सापडल्यामुळे उत्तरच मिळालं नाही तर मेल पाठवणारे सर्व्हर पत्र रांगेत ठेवतात आणि चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, त्यामुळे अशी पत्रं बहुधा उशिरा का होईना, पोचतात.

ठरवून बदल करायचा असेल तर टीटीएल आधीच तीनशे सेकंदांवर आणतात, जुनी मुदत पूर्ण सरू देतात आणि मगच नोंदीला हात लावतात. न ठरवता झालेल्या चुकीला हा उपाय लागू पडत नाही. तिथे फाइल बाहेर पडण्याआधीच अडवायला हवी. नवी फाइल जुनीशी ताडून पाहावी, आणि एका फटक्यात लाखो ओळी बदललेल्या दिसल्या तर माणसानं पाहिल्याशिवाय ती पुढे जाऊ नये. अशी तपासणी चालायला काही मिनिटं पुरतात.

मंगळवार, रात्री १०.४२

कोणी कॅश रिकामा केला नसेल, तर त्या रिझॉल्व्हरवरचा आकडा आता शून्यावर येतो. तो पुन्हा विचारतो, आणि आदल्या रात्रीपासून तयार असलेलं उत्तर त्याला मिळतं.