खरा रस्सा कोणाचा?

वाचकहो, कोंबडीचा रस्सा हा काही क्रमिक पुस्तकातला धडा नव्हे. पण जत्रेला चार गावचे पाहुणे जमले की त्यावरून वाद हमखास पेटतो. मालवणकडचा म्हणतो, नारळाच्या वाटणाशिवाय रस्सा कसला? कोल्हापूरकराला तो तांबडाच हवा. खानदेशी माणूस भाजलेल्या कांदा-खोबऱ्याच्या काळ्या वाटणावर अडून बसतो. आणि परगावाहून आलेल्या नव्या सुनेने रस्सा केला, की ‘हा काही खरा नव्हे’ हा शेरा ठरलेलाच! तेव्हा खरा म्हणजे कोणता, हे इतिहासालाच विचारू या.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या स्वयंपाकघराचे बारकाईने वर्णन आहे. मांसाचे नाना प्रकार आहेत. हिंग आहे, आले आहे, मिरी आहे. नाही ती मिरची! असणार कुठून? मिरची मूळची अमेरिका खंडातली. कोलंबस तिकडे पोचला १४९२ साली, वास्को द गामा कालिकतला आला १४९८ साली आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० साली. त्यानंतर त्यांच्या गलबतांतून मिरची आपल्या किनाऱ्याला लागली. मिरीसारखी तिखट, म्हणून तिला नावही मिरीच्याच कुळातले मिळाले. बटाटा आणि टोमॅटो हेही अमेरिकेचेच पाहुणे. म्हणजे ज्या तांबड्या तर्रीची आपण शपथ घेतो, ती शिवरायांच्या खापरपणजोबांनी बहुधा पाहिलीही नसेल!

आता जरा विलायतेकडे वळू. आपल्याकडचे खाऊन परतलेल्या इंग्रजांनी ती चव मायदेशी नेली. हॅना ग्लास या बाईंनी १७४७ साली लंडनला पाककृतींचे पुस्तक छापले. त्यात हिंदुस्थानी पद्धतीची ‘करी’ आहे: कोंबडी, कांदा, तीस मिरे, चमचाभर तांदूळ आणि भाजलेले धने. त्यात ना हळद, ना मिरची. आपण हसू, पण त्या बाईंच्या शेजारणींना तीच अस्सल हिंदुस्थानी वाटली असणार.

हा वाद आजही मिटलेला नाही. बटर चिकन प्रथम कोणी केले, यावरून दिल्लीच्या दोन उपाहारगृहांचे भांडण २०२४ साली तिथल्या उच्च न्यायालयात गेले.

मग काहीही चालेल का? तसेही नव्हे. मालवणी म्हणून विकायचे आणि नारळ वगळायचा, किंवा कोल्हापुरी म्हणून नुसता लाल रंग ओतायचा, ही फसवणूकच. नावाला जागले पाहिजे. मात्र ‘आमचा तेवढाच खरा, कारण तो अनादी काळापासूनचा’ हा दावा इतिहासापुढे टिकत नाही. रस्सा खरा ठरतो तो त्या घरात, त्या मुलखात पिकणाऱ्या जिनसांवर आणि वर्षानुवर्षे वळलेल्या हातावर. अहो, ‘अस्सल’ हा शब्दसुद्धा मुळात अरबी!

शिक्षक बंधुभगिनींना एक सुचवावेसे वाटते. मुलांना घरच्या मसाल्यातल्या जिनसांची यादी आजीकडून लिहून आणायला सांगा आणि एकेक जिन्नस कुठून आली ते नकाशावर दाखवा. आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनो, सुनेच्या रश्शाला नावे ठेवण्याआधी एवढेच आठवा, की आपल्या चुलीवर मिरचीही एके काळी नवी सूनच होती.