झावळ्यांचं छत

वाणगाव-चिंचणीपासून डहाणूपर्यंतच्या किनारपट्टीत मांडवावर झावळ्या टाकणं ही जुनी सोय. ऊन अडतं, वारा खेळतो, खर्च नाही. सुकलेली झावळी भुर्रकन पेटते हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. पण मांडव चारही बाजूंनी मोकळा, त्यामुळे माणूस वाट फुटेल तिकडे पळू शकतो. शहरातल्या रात्रीच्या करमणुकीने याच मांडवाचा थाट उचलला आणि बाजू मात्र बंद केल्या.

अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातल्या ‘कोकोनट ग्रोव्ह’ क्लबचं नावच नारळीच्या बागेवरून होतं. आत खोटी माडाची झाडं, वर कापडाचं छत. २८ नोव्हेंबर १९४२ च्या रात्री तळघरातल्या बारमध्ये आग लागली आणि छताच्या कापडावरून काही मिनिटांत वर पोचली. परवानगी होती ४६० जणांची, आत होती सुमारे हजार माणसं. मुख्य दार गोल फिरणारं; गर्दीचा रेटा आला तसं ते जाम झालं. बाजूची काही दारं कुलूपबंद होती, काही आत उघडणारी. ४९२ माणसं गेली. आठच दिवस आधी अग्निशमन दलाने तपासणी करून सगळं ठीक असल्याचा शेरा दिला होता! पुढे अमेरिकेत नियम झाला: फिरत्या दाराशेजारी बाहेर उघडणारी साधी दारं हवीतच.

मुंबईत हा थाट गिरणगावात आला. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमांनी त्यांच्या जमिनी इतर कामांना खुल्या केल्या. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात कचेऱ्या आल्या, पाठोपाठ हॉटेलं आणि पब आले.

२८ डिसेंबर २०१७ ची मध्यरात्र उलटल्यावर तिथे एका इमारतीच्या गच्चीवर आग लागली. अग्निशमन दलाच्या चौकशीनुसार ‘मोजोज बिस्त्रो’मधल्या हुक्क्याच्या निखाऱ्यांची ठिणगी पडद्याला लागली, तिथून आग शेजारच्या ‘वन अबव्ह’च्या बांबू-ताडपत्रीच्या छपरावर गेली. चौदा जणांचा जीव गेला. त्यातले बहुतेक जण भाजून नव्हे, धुराने गुदमरून गेले. आसरा म्हणून ते स्वच्छतागृहात शिरले होते. लगेच पालिकेने शहरभर शेकडो बेकायदा बांधकामांवर हातोडा चालवला. एवढी बांधकामं आधी कोणाच्या नजरेस पडली नव्हती का, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांच्याच तोंडी होता.

६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात, हडफडे इथल्या ‘बर्च बाय रोमिओ लेन’ क्लबमध्ये पुन्हा तेच घडलं. आतल्या आत उडवलेल्या फटाक्यांनी आग लागल्याचं सरकारने सांगितलं. आतल्या सजावटीत माडाच्या झावळ्याही होत्या. २५ जण दगावले. त्यात पर्यटक थोडे, कामगारच जास्त: खाली स्वयंपाकघरात अडकलेले, पोटासाठी दूरच्या राज्यांतून आलेले. रस्ता इतका अरुंद की बंबांना लांबच थांबावं लागलं.

महाराष्ट्रात कायदा नाही असं नाही. २००६ च्या आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाप्रमाणे अशा जागेच्या मालकाने दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून ‘बी’ नमुन्यातलं प्रमाणपत्र घेऊन सादर करायचं असतं. यंत्रणा चालू स्थितीत आहे, एवढं त्या कागदावरून कळतं. पावसाच्या तोंडावर गच्चीवर चढलेली ताडपत्री, शनिवारच्या गर्दीत जिन्यात रचलेले खोके, फुकट्या गिऱ्हाइकांच्या धास्तीने मागच्या दाराला घातलेली कडी हे त्यात उमटत नाही. बोर्डी-डहाणूच्या किनाऱ्यावर आता मुंबई-गुजरातचे पाहुणे येतात आणि त्यांना झावळ्यांचा थाट हवा असतो. तो उभारताना मांडव घालणाऱ्या गावकऱ्याला चारही बाजू मोकळ्या का ठेवतोस म्हणून विचारलं, तरी अर्धं काम होईल. उरलेलं अर्धं शनिवारी रात्री अकरा वाजता येऊन कडी तपासणाऱ्या माणसाचं आहे.